ठेका नसलेले संगीत जोडताना

कराडच्या एका तरुण डीजेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नसमारंभ आणि मिरवणुका हे त्यांचे नेहमीचे काम. बीट जुळवणे, ड्रॉप नेमक्या जागी आणणे आणि तीन-चार तास गर्दी धरून ठेवणे त्यांना चांगले जमते. आता साताऱ्याजवळ कासच्या रस्त्यावरील एका मुक्कामाच्या ठिकाणी त्यांना संध्याकाळी तीन तास संथ, शब्दविरहित इलेक्ट्रॉनिक संगीत, म्हणजे ज्याला सर्वत्र अँबियंट म्हणतात ते, वाजवायला बोलावले आहे. त्यांच्या शंका तीन आहेत. ठेकाच नसेल तर एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळायचा कशाच्या आधारावर? सॉफ्टवेअर जी ‘की’, म्हणजे ट्रॅक कोणत्या सुरात आहे त्याचे नाव, दाखवते तिच्यावर कितपत विसंबावे? आणि हाताशी असलेली मिरवणुकीची साउंड सिस्टीम या कामाला चालेल का? मी सांगलीत राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून याच प्रकारचे संगीत वाजवत आलो आहे, त्यामुळे या तिन्ही शंकांना माझ्या पद्धतीने, सविस्तर उत्तर देतो.

सगळ्याचा गाभा आधीच सांगून टाकतो. नृत्यसंगीतात जे काम ठेका करतो, ते या संगीतात षड्जाने, म्हणजे ज्याच्यावर बाकीचे सूर मोजले जातात त्या आधारस्वर ‘सा’ने, करायचे असते. संपूर्ण संध्याकाळीसाठी एक षड्ज ठरवावा, प्रत्येक ट्रॅक त्या षड्जाशी कानाने लावून घ्यावा, आणि जोड देण्याची वेळ, पद्धत व लांबी या गोष्टी त्या नात्यावरून ठरवाव्यात. माझे मिक्सिंगचे तत्त्वज्ञान म्हणावे असे काही असेल तर ते एवढेच आहे. पुढचे सारे विवेचन त्याच्याच अंमलबजावणीचे आहे.

ठेका डीजेची दोन कामे करतो, हे तुम्हाला रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. तो ऐकणाऱ्याच्या शरीराला धरून ठेवतो आणि वाजवणाऱ्याला जोड देण्याची जागा दाखवतो. मिनिटाला १२८ ठोक्यांच्या गतीला ३२ ठोक्यांचा टप्पा बरोबर १५ सेकंदांत संपतो, आणि त्या टप्प्याच्या तोंडाशी नवा ट्रॅक आणला की तो आपोआप शहाण्यासारखा बसतो. अँबियंटमध्ये अशी खूण नसते. म्हणून नवखा माणूस एक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, हळूहळू खाली आणि दुसरा हळूहळू वर नेतो. दोन्ही ट्रॅक मऊ असल्यामुळे काही मोडल्यासारखे वाटत नाही, तरीही ऐकणारे त्या अर्ध्या मिनिटात अस्वस्थ होतात, खुर्चीत हलतात, मोबाइल काढतात. याचे कारण बहुतेक वेळा सुरात असते. दोन ट्रॅकचे आधारस्वर एकमेकांच्या अगदी जवळ, पण एक नसतात, आणि कानाला ते नाव सांगता न येताही कळते.

मिरज आम्हाला शेजारी आहे, आणि माझ्या मते या विषयाचे सर्वांत चांगले शिक्षण तेथील सतारमेकर गल्लीत मिळते. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची बातमी अनेकांनी वाचली असेल.) तंबोरा तयार झाल्यावर कारागीर तो जुळवतात तेव्हा शेजारी बसून नुसते ऐकावे. मोठा फरक खुंटीने काढला जातो, बारीक फरक तारेत ओवलेला मणी सरकवून काढला जातो, आणि मग घोडीवर, तारेच्या खाली सुती दोरा ठेवून तो केसभर पुढे-मागे केला जातो. दोरा योग्य जागी आला की त्या एकाच तारेतून स्वरांचा आख्खा झुबका उलगडतो. जोडीच्या दोन तारा आधी एकमेकींशी भांडत असतात, त्यांच्या आवाजात हेलकावे येत असतात; मणी सरकत जातो तसे ते हेलकावे संथ होतात आणि शेवटी नाहीसे होतात. हे हेलकावे ओळखणे हीच आपल्या कामातली मुख्य विद्या आहे.

ती डेकवर कशी वापरायची ते आता सांगतो. नृत्यसंगीतात पिच फेडर, म्हणजे ट्रॅकचा वेग बदलणारी सरकपट्टी, गतीसाठी असतो आणि गती बदलताना सूर हलू नये म्हणून तुम्ही की-लॉक, म्हणजे मास्टर टेम्पो, चालू ठेवता. येथे नेमके उलटे करावे. ज्या संगीतात ठेका नाही, त्याची गती दोन-चार टक्क्यांनी बदलली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे की-लॉक बंद केला की पिच फेडर ही तंबोऱ्याची खुंटीच होते. गती ५.९५ टक्क्यांनी वाढवली की सूर बरोबर अर्ध्या स्वराने, म्हणजे हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एकवरून (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) तिच्या लगतच्या काळी एकवर चढतो. जुन्या टर्नटेबलवर फेडरची मर्यादा वर-खाली ८ टक्के असे, तेवढ्यातही दोन्ही बाजूंना अर्ध्या स्वराहून थोडी जास्त जागा मिळते. आजच्या प्लेयरवर ही मर्यादा ६, १०, १६ अशी निवडता येते. तुम्ही ६ ची निवडा, कारण पट्टा जितका लहान तितका फेडर बारीक चालतो, आणि आपल्याला मण्याचे काम करायचे आहे.

की-लॉक बंद ठेवण्याला दुसरेही कारण आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. की-लॉक आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर पुन्हा रचतो. ढोलाच्या ठोक्यात ही कारागिरी लपून जाते; पण वीस सेकंद टिकणाऱ्या एका स्वरात ती थरथर म्हणून ऐकू येते आणि रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) शेपटीत धातूसारखी खरखर होऊन उरते. ज्या संगीताचे सारे सौंदर्य आवाजाच्या पोतात आहे, त्याचा पोतच बिघडवून गती राखण्यात काही अर्थ नाही. गती कमी केल्याने दहा मिनिटांचा ट्रॅक पाच टक्क्यांना सुमारे अर्ध्या मिनिटाने लांबेल, एवढेच. लांबू द्यावा.

एक प्रत्यक्ष जोड डोळ्यांपुढे ठेवतो. समजा संध्याकाळचा षड्ज काळी एक ठरवला आहे. तिच्या मंद्रातला स्वर १३८.६ हर्ट्झचा. सध्या जो ट्रॅक वाजतो आहे तो त्या षड्जावर लावलेला, सिंथेसायझरच्या लांब, रुंद स्वरांचा आहे. पुढे आणायच्या ट्रॅकचा आधारस्वर १३६.५ हर्ट्झच्या आसपास आहे, कारण तो कदाचित जुन्या टेपवरून घेतलेला असेल, किंवा रचनाकाराने मुद्दाम उतरवून लावला असेल. हेडफोनच्या एका कानात चालू ट्रॅक आणि दुसऱ्या कानात नवा, असे न ऐकता दोन्ही एकाच कानात एकत्र ऐकावेत. सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतील, कारण दोन स्वरांमधला फरक साधारण दोन हर्ट्झचा आहे. आता नव्या डेकचा पिच फेडर सावकाश वर न्यावा. एक टक्क्यापाशी हेलकावे सेकंदाला एकाहून कमी होतात, दीड टक्क्यापाशी ते जवळजवळ थांबतात. येथे मी पूर्ण थांबू देत नाही. फरक ०.२ हर्ट्झ इतका राखला तर दर पाच सेकंदांनी एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो, आणि तो संथ श्वास हे त्या जोडीचे स्वतःचे, दोन्हीपैकी एकाही ट्रॅकमध्ये नसलेले चलन होते. असा श्वास मिळाला की तो तीन-चार मिनिटे तसाच राहू द्यावा. सभागृहातले लोक ज्या भागाबद्दल नंतर विचारतात, तो भाग बहुतेक वेळा हाच असतो.

सॉफ्टवेअरच्या ‘की’बद्दल माझे मत काहीसे कडक आहे. ती सोय पाश्चात्त्य मेजर-मायनर स्वरसप्तकाच्या हिशेबाने केलेली आहे. चोवीस कप्प्यांच्या चक्रात शेजारचा कप्पा निवडावा आणि पुढे जावे, असा तिचा सल्ला असतो. ज्या गाण्यात कॉर्डची स्पष्ट साखळी आहे तेथे तो उपयोगी पडतो. परंतु अँबियंटमधले कितीतरी ट्रॅक एकाच स्वरावर उभे असतात, कितीतरी ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापात नसतात, आणि काहींत तिसरा स्वरच, म्हणजे गंधारच, नसतो, म्हणजे ते मेजर की मायनर हा प्रश्नच लागू होत नाही. सॉफ्टवेअर तरीही काहीतरी उत्तर देते. ते उत्तर अंदाज म्हणून पाहावे आणि कानाने पडताळावे.

मी माझ्या संग्रहाच्या नोंदी हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत ठेवतो. प्रत्येक ट्रॅकपुढे षड्ज लिहितो, उदाहरणार्थ ‘काळी एक, किंचित उतरलेली’, आणि त्यापुढे गंधाराची नोंद करतो: शुद्ध, कोमल, की गंधार नाहीच. मध्यम आणि निषाद यांची नोंद जमेल तशी. या सगळ्यात गंधार निर्णायक ठरतो. एकाच षड्जावरचे दोन ट्रॅक, एकात शुद्ध गंधार आणि दुसऱ्यात कोमल, असे एकत्र वाजले की जोड फाटते. त्यांच्यामध्ये गंधार नसलेला, केवळ षड्ज-पंचमाचा एखादा ट्रॅक ठेवावा. असे ट्रॅक स्वतंत्रपणे ऐकायला कोणाला फारसे आवडत नाहीत, संग्रहात ते मागे पडतात. माझ्या दृष्टीने मात्र तीच डीजेची खरी पुंजी आहे, आणि नवे संगीत शोधताना मी सर्वांत आधी त्यांच्याच शोधात असतो.

गंधाराचा एक सूक्ष्म मुद्दा येथे सांगितलाच पाहिजे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा असतो, म्हणजे १३८.६ हर्ट्झच्या षड्जातून तो ६९३ हर्ट्झच्या जागी उमटतो. सिंथेसायझरच्या भरदार आवाजातही हाच पाचवा घटक असतो. त्यामुळे कागदावर गंधार नसलेल्या ड्रोनवर, म्हणजे अखंड चालणाऱ्या आधारस्वराच्या ट्रॅकवर, कोमल गंधाराचा ट्रॅक आणला तरी कधीकधी कुठेतरी काहीतरी टोचत राहते. अशा वेळी ड्रोनच्या चॅनेलवर फिल्टर लावून ६०० हर्ट्झच्या वरचा भाग हळूहळू काढून घ्यावा, मगच कोमल गंधार आत येऊ द्यावा. टोचणे थांबते.

संध्याकाळचा षड्ज कसा ठरवावा, याचे उत्तर बहुतेक जण आवडत्या ट्रॅकवरून देतात. मी ते जागेवरून देतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचे चोक, शीतपेयांचे फ्रीज हे सारे तिच्या दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झला गुणगुणतात. मिरवणुकीत हा आवाज कोणाला ऐकू येणार नाही, पण आपले संगीत इतके हळू वाजते की ती गुणगुण त्यात सतत मिसळलेली असते. पांढरी पाचचा खालचा स्वर ९८ हर्ट्झचा. त्या षड्जावर ट्रॅक जसाच्या तसा वाजवला तर खोलीची गुणगुण आणि आपला षड्ज यांच्यात सेकंदाला दोन हेलकावे पडत राहतात आणि ते सारी संध्याकाळ पडत राहतात. पण सर्व ट्रॅक दोन टक्क्यांनी चढवले की षड्ज १०० वर येतो आणि खोलीच आपल्याला तंबोऱ्याची साथ करू लागते. पांढरी एक घेतली तर तिचा पंचम त्याच ९८ वर असतो, म्हणून तेथेही तेच दोन टक्के पुरतात. काळी एक घेतली तर मात्र १०० हर्ट्झचा आवाज तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्येच कुठेतरी बसतो आणि कितीही खटपट केली तरी जुळत नाही. अशा खोलीत वरच्या उदाहरणातला षड्ज घेऊ नये. वाजवायच्या जागी तासभर आधी जावे, दिवे-पंखे-फ्रीज चालू करून शांत बसावे आणि आधी खोलीचा षड्ज ऐकावा.

जोड देताना पहिले काम काढण्याचे असते, आणण्याचे नंतरचे. पंगतीत नव्या माणसाला बसवायचे तर आधी बसलेल्यांना थोडे सरकून घ्यावे लागते, तसेच येथे आहे. नवा ट्रॅक आणण्याच्या दीड-दोन मिनिटे आधीपासून मी चालू ट्रॅकचा बेस, साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग, इतक्या सावकाश कमी करतो की तो जातो आहे हे कळू नये. त्या रिकाम्या झालेल्या जागेत नव्या ट्रॅकचा मधला भाग आधी येतो, वरचा त्यानंतर, आणि बेस सर्वांत शेवटी, जुना बेस पूर्ण गेल्यावर. दोन बेस एकत्र राहिले की खालचे स्वर एकमेकांना खातात किंवा एकदम फुगतात. सूर जुळलेला असला तरी हे होते, कारण तेथे स्वराबरोबर लहरींची स्थितीही मोजली जाते.

आवाजाच्या पातळीचा हिशेबही लक्षात ठेवावा. दोन स्वतंत्र, समान पातळीचे आवाज एकत्र आले की एकूण पातळी ३ डेसिबलने वाढते. दोन्ही फेडर सारख्या चालीने उलट-सुलट नेऊन मधोमध प्रत्येकाला निम्म्यावर आणले, तर प्रत्येक आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि बेरीज मूळ पातळीच्या ३ डेसिबल खाली राहते. जोडीच्या मध्यावर सगळे खचल्यासारखे वाटते ते यामुळे. म्हणून मी क्रॉसफेडर वापरतच नाही. चॅनेलचे दोन फेडर दोन हातांत घ्यावेत, नवा बराच वर आल्यावरच जुना उतरवायला लागावे, आणि मीटरपेक्षा खोलीकडे लक्ष द्यावे. जोडीला किती वेळ द्यावा याला नियम नाही. षड्ज, गंधार आणि बेस जुळलेले असतील तर आठ मिनिटेही कमी वाटतात. काही जुळत नसेल तर मी जोड देतच नाही, एक ट्रॅक पूर्ण संपू देतो, काही क्षण खोलीला तिचा आवाज परत देतो आणि मग दुसरा सुरू करतो. रिव्हर्बचा फुगारा सोडून त्याच्या आड जोड उरकण्याची पद्धत सर्रास दिसते, ती मला मान्य नाही. त्यात आधीच्या रचनाकाराने घडवलेली जागा पुसून आपल्या यंत्रातली तयार जागा लोकांवर लादली जाते.

लूपबद्दल, म्हणजे ट्रॅकचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवण्याबद्दल, थोडेसे. ठेक्याच्या संगीतात लूप ठोक्यांच्या पटीत असावा लागतो, म्हणून क्वांटाइझ, म्हणजे लूपच्या कडा आपोआप ठोक्यावर बसवणारी सोय, चालू असते. ते येथे बंद करावे. एका डेकवर ११ सेकंदांचा आणि दुसऱ्यावर १३ सेकंदांचा लूप ठेवला तर ते दोन्ही पुन्हा एकाच जागी येतात ते १४३ सेकंदांनी, आणि तोपर्यंत दर वेळी त्यांची गाठ वेगळ्या ठिकाणी पडते. ही युक्ती माझी नाही. ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून जी ध्वनिमुद्रिका केली आणि जिच्यापासून अँबियंट हे नाव रूढ झाले, तिच्यात वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या फिती याच तत्त्वावर फिरत होत्या. संथ ठोका असलेले दोन ट्रॅक एकत्र आणायचे असतील, तर त्यांच्या गती एक तर नेमक्या जुळवाव्यात किंवा स्पष्टपणे वेगळ्या ठेवाव्यात. मिनिटाला ६० आणि ६२ असे जवळजवळ सारखे ठोके सर्वांत त्रासदायक ठरतात.

ऐकणाऱ्याने किती लक्ष द्यावे, याविषयी तुम्ही स्वतः निर्णय घ्यायला हवा, कारण त्यावरूनच ट्रॅकची निवड बदलते. फ्रेंच संगीतकार एरिक सती यांनी १९२० मध्ये पॅरिसमध्ये नाटकाच्या मध्यंतरात संगीत वाजवले आणि लोकांनी बोलावे, फिरावे, संगीत ऐकू नये अशी विनंती केली. लोक मात्र जागेवर गप्प बसून ऐकत राहिले. ईनो यांची अपेक्षा अधिक समंजस होती: संगीत दुर्लक्ष करण्याजोगेही असावे आणि लक्ष दिल्यास त्यात काही सापडावेही. लंडनच्या हेवन या क्लबमध्ये १९८९ मध्ये अॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी हे वरच्या खोलीत, खाली नाचून दमलेल्यांसाठी, अनेक टर्नटेबल आणि टेप एकत्र करून ठेक्याविना संगीत वाजवू लागले, आणि डीजेने अँबियंट मिसळण्याची परंपरा खऱ्या अर्थाने तेथून वाढली. माझा कल ईनो यांच्याकडे आहे, पण एका अटीसह. ज्याने लक्ष दिले त्याला सापडणारी गोष्ट सुरातली असावी. चिमण्या, लाटा, रेल्वे अशा आवाजांचे थर चढवून लक्ष वेधणे सोपे असते आणि अर्ध्या तासात त्याचा कंटाळा येतो.

आणि षड्जाचा हा आग्रह मी परक्या संगीतावर लादतो आहे, असे कोणी समजू नये. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना तेथील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले आणि उरुसाच्या काळात तेथे संगीत सभा होतात. त्याच घराण्यातले, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला माँट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार त्यांचे गंडाबंध म्हणावे असे शिष्य झाले आणि त्यांच्यामागे तंबोरा घेऊन बसू लागले. यंग यांचे दीर्घ, स्थिर स्वरांचे काम त्याआधीच सुरू झालेले होते, आणि ईनो यांनी यंग यांचे ऋण स्वतः मान्य केले आहे. तेव्हा ज्या ड्रोनवर आज जगभर सिंथेसायझर वाजतात, त्याच्या पूर्वजांपैकी एक आपल्या मिरजेत रुजलेल्या घराण्याच्या तंबोऱ्यात आहे. मला याचा अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही.

आता तुमच्या कासच्या संध्याकाळीकडे येतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या फुलांच्या दिवसांत अंधार पडला की तेथे रातकिडे सुरू होतात. त्यांचा आवाज साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो थांबत नाही. त्याच पट्ट्यात चमकदार आवाज असलेले ट्रॅक पहिल्या तासातच वाजवून संपवावेत आणि अंधार पडल्यावर वरचा पट्टा रातकिड्यांना मोकळा सोडावा; निसर्गाचे ध्वनिमुद्रण असलेले ट्रॅक तर तेथे नेऊच नयेत. सुरुवातीला शुद्ध गंधाराचे, मधल्या प्रकाशात गंधार नसलेले आणि रात्री कोमल गंधाराचे, असा क्रम मी स्वतः पाळतो. तो शास्त्राचा नियम म्हणून सांगत नाही, पण तीन तास एकाच षड्जावर राहूनही प्रवास झाल्यासारखे वाटते ते या क्रमामुळे.

सरावासाठी मोठी तयारी लागत नाही. मोबाइलवरचा तंबोरा पांढरी पाचवर लावून स्पीकरवर सुरू ठेवा, कोणताही एक ट्रॅक घ्या, की-लॉक बंद करा आणि केवळ पिच फेडरने तो तंबोऱ्याशी लावा. स्क्रीनवरचे आकडे झाकून ठेवा. हेलकावे थांबले असे वाटले की मगच आकडा पाहा आणि वहीत लिहा. महिनाभर रोज थोडे थोडे केले तरी तुमचा संग्रह सुरानुसार लागेल, आणि बीट जुळवायला तयार झालेला कान सूर जुळवायलाही लवकर तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

राहिला साउंड सिस्टीमचा प्रश्न. मिरवणुकीचे बेस बिन, म्हणजे खालच्या आवाजाचे मोठे बॉक्स, घरीच ठेवा. टॉप, म्हणजे वरच्या आवाजाचे बॉक्ससुद्धा, शक्यतो नेऊ नका: त्यांचे हॉर्न इतके संवेदनशील असतात की संगीत हळू वाजत असताना अॅम्प्लिफायरची सरसर त्यांतून स्पष्ट ऐकू येते. आठ किंवा बारा इंची वूफरचे चार साधे बॉक्स घ्या, ते डोक्याच्या उंचीखाली ठेवा आणि लोकांवर रोखण्याऐवजी भिंतीकडे वळवा. मिक्सरची पातळी नेहमीसारखी ठेवून अॅम्प्लिफायरचा गेन उतरवा, म्हणजे सरसर आणखी कमी होईल. दोन माणसांना शेजारी बसून नेहमीच्या आवाजात बोलता आले पाहिजे, हे माझे माप. कायद्याचे मापही फार दूर नाही, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही, म्हणून तीन तासांची वेळ सातला नव्हे, साडेसहाला सुरू करायला सांगा. ध्वनिमुद्रित संगीत सार्वजनिक ठिकाणी वाजवण्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागतो, तो मालकांनी घेतला आहे का हे आधी विचारून घ्या. लोक अंगणात विखुरलेले असतील, त्यामुळे चारही बॉक्सना मोनो आवाज द्या. मात्र निघण्यापूर्वी घरी प्रत्येक ट्रॅक मोनो करून ऐका, कारण फार रुंद स्टिरिओ केलेले काही ट्रॅक मोनोत ऐकले की त्यांचे अंगच नाहीसे होते, आणि असे ट्रॅक यादीतून काढून टाका.